नवरंग : पावसाबरोबर येणारा, पाचोळ्यात राहणारा



दसरा जवळ आला की आपल्या तेलंगणात एका पक्ष्याची आठवण हमखास निघते. दसऱ्याच्या दिवशी पालपिट्ट दृष्टीस पडला तर वर्ष चांगले जाते, असे आपले तेलुगू शेजारी मानतात. मराठीत आपण त्याला नीलकंठ म्हणतो. तो आपल्या राज्याचा राज्यपक्षीही आहे.

आता एक प्रश्न. 'पालपिट्ट' या शब्दातला 'पिट्ट' म्हणजे काय? तुमच्यापैकी बहुतेकांचे हात लगेच वर जातील. घरात मराठी आणि अंगणाबाहेर तेलुगू व दखनी बोलणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही. पिट्ट म्हणजे लहान पक्षी, पाखरू.

हा साधा, घरगुती तेलुगू शब्द आज जगभरच्या पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. गंमत अशी की तो नीलकंठासाठी वापरला जात नाही. तो वापरला जातो जंगलाच्या जमिनीवर पाचोळ्यात किडे शोधत फिरणाऱ्या दुसऱ्याच एका रंगीत पक्ष्यासाठी. इंग्रजीत त्याला 'इंडियन पिट्टा' म्हणतात. त्याचे मराठी नाव नवरंग. या अंकात आपण त्याचीच ओळख करून घेऊ.

नावाची गोष्ट

सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने घालून दिली. या पद्धतीत प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आपल्या आडनावासारखा; दुसरा त्या जातीचा स्वतःचा. लिनियसने १७६६ साली नवरंगाला नाव दिले 'कॉर्व्हस ब्रॅकियुरस'. यातला 'कॉर्व्हस' म्हणजे कावळा आणि 'ब्रॅकियुरस' म्हणजे आखूड शेपटीचा. म्हणजे आपला नवरंग आधी चक्क कावळ्यांच्या घरात दाखल झाला होता!

त्या काळी परदेशातले शास्त्रज्ञ दुरून आलेली कातडी आणि चित्रे पाहून वर्गीकरण करीत. जिवंत पक्षी त्यांनी पाहिलेला नसे. त्यामुळे असे घोटाळे होत. पुढे १८१६ साली व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने या पक्ष्यांसाठी वेगळा गट केला आणि त्या गटाला नाव दिले 'पिट्टा'. आज नवरंगाचे शास्त्रीय नाव 'पिट्टा ब्रॅकियुरा' असे आहे. अर्धे तेलुगू, अर्धे ग्रीक. अर्थ सांगायचा तर 'आखूड शेपटीचे पाखरू'.

आपल्याकडचे शब्द असे दूरवर जातात, याची आणखी उदाहरणे आहेत. मोठ्या घुशीला इंग्रजीत 'बँडिकूट' म्हणतात. तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु' वरून आला. पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द तर मराठी 'मुंगूस' वरून गेला, असे इंग्रजी शब्दकोश सांगतात. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन मुंगसाचे नाते तेलुगूतल्या 'मुंगिस' शब्दाशी जोडतात. शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींना काय काय देतात, ते आपल्या गावात राहून जितके कळेल तितके दुसरीकडे कळणार नाही.

ओळखावे कसे?

नवरंग आकाराने साधारण साळुंकीपेक्षा थोडा लहान, पण अंगाने गुबगुबीत. लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. वजन पन्नास ते साठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढे. पाय लांब, शेपूट अगदीच आखूड. लांबून पाहिले तर कोणी शेपटीला कात्री लावली असावी असे वाटते. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात.

आता त्याचे रंग मोजू.

पाठ हिरवी. डोक्याचा माथा बदामी-तपकिरी आणि त्याच्या मधोमध, भांग पाडावा तसा, एक काळा पट्टा. डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारा दुसरा रुंद काळा पट्टा. त्याच्या वर पांढरी भुवई. गळा पांढरा. छाती आणि पोट पिवळसर बदामी. शेपटीखालचा भाग लालभडक, किरमिजी. खांद्याजवळ पंखावर चमकदार आकाशी निळा डाग. तसाच निळा रंग कमरेवर. उडताना काळ्या पंखांत पांढरा ठिपका दिसतो.

हिरवा, निळा, काळा, पांढरा, बदामी, तपकिरी, लाल. मोजून बरोबर नऊ भरतीलच असे नाही. 'नव' हा येथे हिशेबाचा आकडा नसून कौतुकाचा आहे असे समजा.

इतका रंगीत पक्षी शत्रूला चटकन दिसत नसेल का? येथेच खरी मौज आहे. जमिनीवर वावरताना वरून दिसते ती हिरवी पाठ. झाडांच्या दाट सावलीत, ओल्या पानांच्या गर्दीत ती मिसळून जाते. लाल रंग पोटाखाली, पांढरा ठिपका मिटलेल्या पंखात. पक्षी स्तब्ध उभा राहिला की चार पावलांवरूनही दिसत नाही. उडाला की मात्र एकदम रंगांचा झोत दिसतो, आणि पुन्हा पाचोळ्यात नाहीसा होतो.

पंखांवरच्या निळ्या रंगाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. पक्ष्यांच्या पिसांत बहुधा निळे रंगद्रव्य नसते. पिसाची आतली रचना इतकी बारीक असते की तिच्यावर प्रकाश पडला की निळे किरण परत फेकले जातात आणि आपल्याला पीस निळे दिसते. हे पडताळून पाहायला नवरंगाची गरज नाही. आपोआप गळून पडलेले मोराचे पीस घ्या. उजेड आपल्या पाठीमागे ठेवून पाहा. डोळा निळा-हिरवा चमकेल. आता तेच पीस खिडकीकडे धरून उजेड पिसाच्या मागून येऊ द्या. चमक जाऊन ते तपकिरी दिसू लागेल.

नवरंगाची गल्लत दोन पक्ष्यांशी होते. एक म्हणजे खंड्या. दोघांच्याही अंगावर निळा रंग असतो. पण खंड्याची चोच लांब आणि दणकट असते, आणि नवरंगासारखा तो पाचोळ्यात टुणटुणत फिरत नाही. दुसरा नीलकंठ. नावातल्या 'पिट्ट'मुळे पुष्कळांना वाटते की इंग्रजी पुस्तकातला पिट्टा म्हणजे आपला पालपिट्ट. तसे नाही. पालपिट्ट मोकळ्या रानात, शेताच्या कडेला, तारेवर बसलेला दिसतो. नवरंग मोकळ्यावर क्वचितच येतो.

सकाळ-संध्याकाळची शीळ

नवरंग दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो. त्याची शीळ दोन स्वरांची, स्पष्ट आणि खणखणीत असते : 'व्हीऽट-ट्यूऽ'. पहाटे आणि संध्याकाळी तो झाडाच्या फांदीवर बसतो, डोके मागे टाकतो आणि ही शीळ पुन्हा पुन्हा घालतो. आभाळ भरून आले असेल तर भर दुपारीही ओरडतो. एकाने शीळ घातली की दुसरा दुरून उत्तर देतो.

या वेळेच्या नेमामुळे तमिळ लोकांनी त्याला मोठे छान नाव दिले आहे : 'आरुमणि कुरुवि', म्हणजे सहा वाजताचा पक्षी. श्रीलंकेत सिंहली भाषेत त्याला 'अविच्चिया' म्हणतात. तेही त्याच्या आवाजावरूनच. तिथली लोककथा अशी की नवरंगाचा झगमगीत पोशाख मोराने चोरला आणि तेव्हापासून हा बिचारा सकाळ-संध्याकाळ तक्रार करीत असतो. त्याची हाक पाऊस येणार असल्याचे सांगते, असेही तेथे मानतात.

पक्षी गाणे कसे शिकतात, याबद्दलची एक माहिती येथे सांगण्यासारखी आहे. बुलबुल, दयाळ यांसारखे गाणारे पक्षी लहानपणी मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात. नवरंग ज्या गटात मोडतो त्या गटाचे बहुसंख्य पक्षी दक्षिण अमेरिकेत राहतात. त्यांच्यापैकी ज्यांचा अभ्यास झाला आहे त्यांत बहुतेकांचे गाणे उपजत असते, असे आढळले. पिलाला वेगळे ठेवले, मोठ्यांचा आवाज ऐकूच दिला नाही, तरी ते आपल्याच जातीचे गाणे गाते.

आपले तसे नाही. भाषा कोणालाही जन्मासोबत मिळत नाही. मराठी मुलूख सोडून कैक पिढ्या लोटल्या, तरी आपल्या घरांत मराठी टिकली. कारण प्रत्येक पिढीतल्या आजी-आजोबांनी ती नातवंडांशी बोलून त्यांच्या हवाली केली. ती बोलणे थांबले तर पुढच्या पिढीला ती आपोआप येणार नाही.

पाचोळा हेच ताट

नवरंग कीटकभक्षी आहे. त्याचे सगळे जेवण जमिनीवर. टुणटुण उड्या मारीत तो चालतो, चोचीने एकेक पान उलटतो आणि त्याखालचे किडे, अळ्या, मुंग्या, वाळवी, गांडुळे टिपतो. मधूनच थांबून आखूड शेपूट सावकाश वर-खाली हलवतो. रात्री मात्र तो जमिनीवर न राहता झाडावर झोपतो.

पाचोळ्याला आपण 'कचरा' म्हणतो. जंगलाच्या भाषेत तो कचरा नव्हे. झाडावरून पडलेले पान पावसात भिजते. त्यावर बुरशी चढते. वाळवी आणि लहान किडे ते कुरतडतात. गांडुळे तुकडे मातीत ओढून नेतात. काही महिन्यांत पानाचे खत होते आणि तेच झाडाला परत मिळते. या कामावर असलेले लाखो जीव म्हणजे नवरंगाचे अन्न. म्हणून जेथे पाचोळा कोरडा ठणठणीत, तेथे नवरंगाला काही मिळत नाही. जेथे तो ओलसर, तेथे त्याचे ताट भरलेले. ही एक गोष्ट नीट समजली की त्याच्या आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टी आपोआप समजतात. त्याचा प्रवाससुद्धा.

पावसाच्या मागावर

नवरंग स्थलांतर करणारा पक्षी आहे. पण तो सायबेरियातून येणाऱ्या बदकांसारखा परदेशी पाहुणा नाही. त्याचा बहुतेक प्रवास आपल्याच उपखंडात होतो.

उन्हाळा सरत आला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, की तो दक्षिणेकडून उत्तरेकडे निघतो. पावसाळ्यात तो मध्य भारतातल्या जंगलांत, हिमालयाच्या पायथ्याशी, गुजरातेत गीरच्या जंगलात आणि महाराष्ट्रात कोकण-सह्याद्रीच्या भागात घरटी करतो. पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात पावसाळा सुरू झाला की त्याची शीळ ऐकायला पक्षिमित्र मुद्दाम जातात. विदर्भातल्या ताडोब्यात आणि मध्य प्रदेशातल्या कान्हा, पेंच या जंगलांतही त्या दिवसांत त्याचा आवाज घुमत असतो.

पावसाळा संपला, पाचोळा वाळू लागला, की तो पिलांसह दक्षिणेकडे परततो. हिवाळा काढतो तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत.

असे का? नकाशा समोर ठेवून विचार करा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे मध्य भारतात पाऊस पाडतात. जंगलाची जमीन ओली होते. किडे आणि गांडुळे वर येतात. पिलांना भरवायला हाच काळ सोयीचा. ऑक्टोबरपासून तेथे पाऊस थांबतो. पण परतीचे, म्हणजे ईशान्य मोसमी वारे तमिळनाडू आणि श्रीलंकेत पाऊस देऊ लागतात. उत्तरेकडचे ताट रिकामे होत असताना दक्षिणेकडचे वाढले जात असते. भूगोलाच्या पुस्तकात आपण दोन मोसमी वाऱ्यांचा धडा पाठ करतो. नवरंग तोच धडा पंखांवर घेऊन फिरतो.

नागपूरपासून श्रीलंकेपर्यंत सरळ रेघ मारली तरी अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास भरते. हिमालयाच्या पायथ्यापासून मोजले तर दोन हजारांहून अधिक. अंड्याएवढ्या वजनाचा हा पक्षी ते अंतर वर्षातून दोनदा कापतो, आणि तेही बहुतेक रात्रीच्या वेळी.

आपले हैदराबाद या वाटेवरच येते. म्हणून मे-जून आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर या दिवसांत नवरंग आपल्याकडे जाता-येता विश्रांतीला थांबू शकतो. झाडी दाट असलेले उद्यान, जुन्या बंगल्याची बाग, शाळेच्या मागची दुर्लक्षित झुडपे, कोठेही. एक-दोन दिवस राहतो आणि पुढे निघून जातो.

घरटे आणि पिले

नवरंगाचे घरटे वाटीसारखे उघडे नसते. वाळके गवत, काटक्या, मुळ्या आणि पाने यांचा तो मोठा गोल गोळा करतो. आत जायला बाजूने वाटोळे दार ठेवतो. हे घरटे कधी झुडपाच्या बुंध्याशी जमिनीवर, तर कधी झाडाच्या खालच्या फांद्यांवर असते. लांबून पाहिले तर वाऱ्याने अडकलेला पाचोळाच वाटतो.

मादी साधारण चार-पाच अंडी घालते. ती तुकतुकीत पांढरी असून त्यांवर जांभळट-काळसर ठिपके असतात. अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे ही कामे नर-मादी मिळून करतात. कोणी जवळ आले तर नवरंग पिसे फुलवतो, पंख पसरतो आणि चोच वर करून आपण फार मोठे असल्याचा आव आणतो.

घरटे दिसले तरी जवळ जाऊ नये. आपल्या पावलांनी पडलेली वाट पाहून मांजर, मुंगूस किंवा कावळा तेथपर्यंत पोचतो. घरट्याचे फोटो काढण्यासाठी फांद्या बाजूला करणे हे तर त्याहून वाईट. आडोसा गेला की पावसाचे पाणी आणि शत्रूची नजर दोन्ही आत शिरतात.

नवरंगाचे भाऊबंद

पिट्टा कुळातल्या सुमारे चाळीसहून अधिक जाती जगात आहेत. बहुतेक आशियातल्या उष्ण प्रदेशांतल्या जंगलांत राहतात. काही ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या आहेत आणि दोन आफ्रिकेत आहेत. आपल्या देशात नवरंगाखेरीज आणखी काही जाती आढळतात. ईशान्य भारताच्या जंगलात काळ्या डोक्याचा हिरवा पिट्टा आणि निळ्या पाठीचा पिट्टा राहतात. ओडिशातील भितरकनिका आणि बंगालमधील सुंदरबन येथे खारफुटीच्या चिखलात राहणारा पिट्टाही आहे.

या कुळातल्या एका जातीची कथा मात्र आपण गंभीरपणे वाचली पाहिजे. तिचे नाव 'गर्नीचा पिट्टा'. १८७५ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी केले. होय, १८८५ मध्ये राष्ट्रीय सभा स्थापन करण्यात पुढाकार घेणारे तेच ह्यूम. ते मोठे पक्षी अभ्यासक होते.

हा पक्षी थायलंडचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला म्यानमारचा दक्षिण भाग एवढ्याच टापूत राहतो, तोही सपाटीवरच्या जंगलांत. सपाटीची जमीन लागवडीला सोयीची. तेथे रबर आणि तेलताडाचे मळे उभे राहिले. पक्षी दिसेनासा झाला. तो नामशेष झाला असे समजत असतानाच १९८६ साली दक्षिण थायलंडमध्ये तो पुन्हा सापडला. पुढे २००३ साली म्यानमारमध्येही आढळला. पण जंगलतोड थांबली नाही आणि आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

तेलताडाच्या मळ्यातही झाडे असतात, दुरून हिरवेगार दिसते. मग पिट्ट्याचे अडले कोठे? तेथे जंगलासारखी दाट झुडपे आणि निरनिराळ्या झाडांच्या पाचोळ्याचा जाड थर नसतो. झाडे लावली म्हणजे जंगल झाले असे नव्हे. वृक्षारोपणाच्या दिवशी हे वाक्य आठवावे.

आपल्या नवरंगाची स्थिती इतकी वाईट नाही. जागतिक यादीत त्याची गणना तूर्त धोका नसलेल्या पक्ष्यांत होते. परंतु ज्या पक्ष्याला वर्षाकाठी दोन घरे लागतात आणि त्यांच्यामधल्या वाटेवर मुक्कामाच्या जागाही लागतात, त्याचे एक ठिकाण बिघडले तरी सगळा प्रवास बिघडतो. मधल्या मुक्कामांत आपले शहरही आहे.

दमलेला नवरंग सापडला तर

रात्री उडणारे पक्षी शहराच्या दिव्यांनी गोंधळतात. काचेवर त्यांना आभाळ आणि झाडे दिसतात, आणि ते तिच्यावर आदळतात. स्थलांतराच्या दिवसांत दमलेले किंवा काचेला धडकलेले नवरंग घराच्या गच्चीत, व्हरांड्यात, बागेत पडलेले सापडतात. असा पक्षी दिसला तर काय करावे?

१. आधी मांजर-कुत्र्यांना दूर करा. पक्ष्याभोवती गर्दी करू नका.

२. मोठ्या माणसांना बोलवा. हलक्या सुती कापडाने पक्षी अलगद उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. खोक्याला वारा जाण्यासाठी भोके हवीत.

३. खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. सारखे उघडून पाहू नका. अंधारात पक्षी शांत होतो.

४. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, भात किंवा पोळी भरवू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावू शकतो.

५. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, किंवा काही तासांत तो सावध झाला नाही, तर वनविभागाला किंवा पशुवैद्यांना कळवा.

६. तो सावध होऊन खोक्यात हालचाल करू लागला, तर जवळच्या दाट झाडीत, माणसांच्या वर्दळीपासून दूर, खोके उघडून ठेवा. तो आपला आपण जाईल.

पक्षी कितीही सुंदर असला तरी त्याला घरी ठेवायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानातले पक्षी पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. दसऱ्याच्या दिवसांत पिंजऱ्यातला पालपिट्ट दाखवून पैसे मागणारे लोक आपल्या शहरात दिसत आले आहेत. पंख बांधलेल्या, उपाशी पक्ष्याचे दर्शन घेऊन कोणाचे भले व्हायचे? मोकळा पक्षी दिसला तरच ते दर्शन.

शाळेत आणि घरी आपण काय करू शकतो?

पहिले काम सर्वांत सोपे आहे : पाचोळा जाळू नये. माघ-फाल्गुनात झाडे पाने गाळतात आणि गल्लोगल्ली पाचोळ्याचे ढीग पेटतात. त्या धुराने आपला खोकला वाढतो, ते वेगळेच. पण त्याबरोबर मातीचे खत जळते आणि पाखरांचे अन्नही जळते. शाळेच्या आवारात, कुंपणाच्या कडेला दहा-बारा पावले लांबीची एक जागा 'पाचोळ्याचा कोपरा' म्हणून राखून ठेवावी. झाडलेली पाने तेथेच टाकावीत. आठवड्यातून एकदा पाण्याचा शिडकावा करावा. नवरंग येईल की नाही हे सांगता येत नाही. पण सातभाई मात्र लवकरच पाने उलटायला हजर होतील.

दुसरे, स्थलांतराच्या दिवसांत गच्चीवरचे आणि बाहेरचे अनावश्यक दिवे रात्री मालवावेत. वीजबिलही कमी येईल.

तिसरे, मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूने चार-चार बोटांच्या अंतरावर पांढरे ठिपके काढावेत. पक्ष्यांना काच दिसते आणि धडक टळते.

चौथे, नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करीत होता, हवा कशी होती, एवढे लिहिले तरी पुरे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मराठीत पक्ष्यांवर आणि जंगलांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचा. त्याच सुमारास नवरंग आपल्या शहरावरून दक्षिणेकडे जात असतो. आपल्या शाळेतही तो सप्ताह नोंदवही उघडण्यासाठी चांगला मुहूर्त आहे.

शब्दार्थ

कीटकभक्षी : किडे खाऊन जगणारा.
उपजत : जन्मतः असलेले, न शिकता येणारे.
स्थलांतर : ठरावीक ऋतूत एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाणे.
किरमिजी : गडद तांबडा रंग.
खारफुटी : खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे.
नामशेष : ज्याचे केवळ नाव उरले आहे असा.

स्वाध्याय

१. नवरंगाला लिनियसने कोणत्या पक्ष्याच्या गटात टाकले होते? तसे का घडले असावे?
२. नवरंग, खंड्या आणि नीलकंठ यांच्यातील फरक तीन-तीन वाक्यांत लिहा.
३. भारताच्या नकाशात नवरंगाची पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली घरे दोन रंगांत दाखवा. दोन्ही मोसमी वाऱ्यांचे बाण काढा.
४. 'झाडे लावली म्हणजे जंगल झाले असे नव्हे.' गर्नीच्या पिट्ट्याच्या आधारे हे वाक्य स्पष्ट करा.
५. मोराच्या पिसाचा प्रयोग करून काय दिसले ते लिहा.
६. आजी-आजोबांना विचारा : पूर्वी आपल्या वस्तीत कोणते पक्षी दिसत? त्यांची मराठी, तेलुगू आणि दखनी नावे एका तक्त्यात लिहून आणा. जी नावे कोणत्याच पुस्तकात सापडणार नाहीत ती आधी लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक नावांची यादी पुढील अंकात देऊ.